साडूभाऊंची पाठमोरी माणसं

जळगाव जिल्ह्यात ज्या माणसाला आमचे साडूभाऊ ओळखत नाहीत, त्या माणसानं आपण खरोखर जन्माला आलो आहोत की नाही, याची एकदा घरात विचारून खात्री करून घ्यावी. धुळे जिल्ह्यापुरती मी थोडी सूट देईन. साक्रीच्या पलीकडे डोंगरात एखादी वस्ती अशी असेलही, जिथं ते अजून पोचले नसतील. पण तिथंही त्यांच्या कंपनीची चटई पोचलेली असणार, आणि चटईमागोमाग साडूभाऊ पोचतात, हा माझा अनुभव आहे. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. म्हणजे हा माणूस मी काही निवडून घेतलेला नाही, लग्नात बायकोबरोबर आला. मी धुळ्याचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, माणसांचा मूळचाच कंटाळा असलेला गृहस्थ. दुपारी दाराची बेल वाजली की मी आधी पंखा बंद करतो, म्हणजे घरात कुणी नाही असं बाहेरच्याला वाटावं. आणि ह्या गृहस्थाचा जन्मभराचा धंदाच मुळी माणसं गोळा करण्याचा! आमच्या सासऱ्यांनी दोन जावई इतके उलटे कसे शोधले, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

साडूभाऊ जळगावच्या एका चटई कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होते. चटईला जनसंपर्क अधिकारी लागतो, हे मला लग्नापूर्वी माहीत नव्हतं. बँकेला लागतो, दवाखान्याला लागतो, एक वेळ डाळीला लागतो हेही मी समजू शकतो. पण चटई? ती अंथरायची आणि वर पडायचं, तिच्याबद्दल लोकांना सांगायचं काय? पहिल्याच भेटीत मी हे त्यांना तोंडावर विचारलं. ते जराही रागावले नाहीत. खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "भाऊ, खुर्ची एकाला बसवते. चटई अंथरली की शेजारचाही येऊन बसतो." त्यांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनी असो वा नसो, चटया कायम. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक ताटकळलेले दिसले की हे चटई अंथरून मोकळे. एस. टी. स्टँडवर गाडी चुकलेलं कुटुंब दिसलं की चटई. एकदा तर त्यांनी कारखान्याच्या शेठजींच्या मागं लागून सातपुड्याच्या डोंगररांगांची नक्षी असलेली चटई विणून घेतली होती, निळी-जांभळी, खालच्या काठाला केळीच्या बागा. शेठजी ती बघून म्हणाले, "सुंदर शे, पण मानूस पाय कुठे ठेवील? डोंगरावर?" त्या चटया खपल्या नाहीत. त्यांतली एक आमच्या धुळ्याच्या घरी भिंतीवर टांगलेली आहे, आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात दुपारी पडल्या पडल्या मी तिच्याकडे बराच वेळ बघत असतो.

त्यांची बोलावण्याची पद्धत हा एक स्वतंत्र विषय आहे. कार्यक्रम कुठलाही असो, रक्तदान, वृक्षारोपण, कविसंमेलन किंवा कुणाच्या तरी आजोबांची पंचाहत्तरी, साडूभाऊ नुसतं कार्ड धाडून मोकळे होणारे नव्हेत. आपल्याकडे नुसत्या कार्डावर कोण येतं? आधी ते घरी जाणार, चहा पिणार, म्हाताऱ्यांची औषधं विचारणार, आणि उठता उठता दारात उभं राहून कार्यक्रमाचं सांगणार. आदल्या दिवशी फोन. आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या आधी, माणूस अंगात सदरा घालू की नको ह्या विचारात असतो नेमक्या त्या वेळी, दुसरा फोन: "निघालात का?" या दोन शब्दांपुढे भले भले हरलेत. एका रक्तदान शिबिराच्या वेळी मी धुळ्याहून ठोकून दिलं, की मला ताप आहे. दीड-दोन तासांचा रस्ता, पण हा माणूस गाडी घेऊन दारात हजर! म्हणे, "ताप आहे ना? मग रक्त देऊ नका. बघायला चला." आणि मी गेलो. तिथं एका पोराला सुई टोचताना बघून मला खराच घाम फुटला, तेव्हा मलाच कॉटवर झोपवून केळं खायला दिलं. साडूभाऊंनी दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'ज्येष्ठांचीही लक्षणीय उपस्थिती' असं लिहिलं होतं, ते ज्येष्ठ म्हणजे मी.

बातमीवरून आठवलं. जळगावातले वार्ताहर त्यांच्या प्रसिद्धिपत्रकाला हात लावत नसत, जसंच्या तसं छापत. फोटोखालची 'डावीकडून' ही ओळ तर त्यांच्या हातची बघावी. व्यासपीठावर कितीही दाटी असो, मागच्या रांगेत कुणाचं नुसतं कपाळ दिसत असो, साडूभाऊ सगळ्यांची नावं अचूक देणार. ती सवय घरातही गेली नव्हती. आमच्या मुलीच्या लग्नातला घरचा फोटो बघताना ते आपल्याच नादात म्हणू लागले, "डावीकडून, वधूच्या मावशी, वधूचे वडील, त्यांची नाराजी..." पण एक नियम त्यांनी जन्मभर पाळला. प्रसिद्धिपत्रकात स्वतःचं नाव कधी येऊ दिलं नाही. कार्यक्रम त्यांनी सुचवला, त्यांनीच जमवला, पाहुण्यांचं भाषणही त्यांनीच लिहून दिलं, तरी नाव नाही म्हणजे नाही. मी एकदा चिडून विचारलं तेव्हा म्हणाले, "भाऊ, जिलबी तळणाऱ्यानं कढईत पडायचं नसतं."

जळगावातच पिंप्राळ्याला त्यांची कॉलनी आहे. तिथल्या गणेश मंडळाचे प्रसिद्धिप्रमुख तेच, बुद्धविहाराच्या जयंती समितीचेही तेच, आणि महिला मंडळानं नियमात बसत नसतानाही त्यांनाच नेमलेलं. हिवाळा लागला की ते भरीत पार्टी ठरवत. आता खान्देशात भरीत पार्टीचं कौतुक ते काय! कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, हिरवी मोठी वांगी भाजायची, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचायची आणि पुऱ्यांशी हाणायची, हे कुणीही करतं. पण साडूभाऊ भरीत पार्टीत माणसं लावत, जशी दुसरी माणसं रोपं लावतात. कॉलनीतल्या दोन सख्ख्या भावांचं मधल्या भिंतीवरून वाकडं होतं, वर्षानुवर्षं बोलणं बंद. साडूभाऊंनी थोरल्याला बडगी धरायला बसवलं आणि धाकट्याच्या हातात ठेचायचं लाकूड दिलं. मला तर धडकीच भरली, म्हटलं आता भरीत कशाचं होतंय कोण जाणे! धाकटा दातओठ खाऊन ठेचायला लागला. थोरला गप्प. आणि मग एकदम ओरडला, "जरा सबुरी ठेव ना रे, हात शे मन्हा तठे!" इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. धाकटा थांबला, म्हणाला, "लागनं का?" बस, झालं. रात्रीपर्यंत दोघं एका परातीत जेवत होते, आणि साडूभाऊ लांब शेकोटीपलीकडे, सगळ्यांच्या मागं, हात पाठीशी बांधून उभे होते.

हे मागं उभं राहणं मी सुरुवातीला नीट ध्यानात घेतलं नव्हतं. मला वाटायचं, कामाचा माणूस, लक्ष ठेवत असेल. पण त्यांची नजर बघितली तर ती लक्ष ठेवणाऱ्याची नसायचीच. बोलता बोलता ते मध्येच कुठं तरी निघून जात. तुम्ही त्यांना तुमचा रक्तदाब सांगत असाल, ते 'हं, हं' करत असतील, आणि डोळे मात्र रस्त्यानं पलीकडे जाणाऱ्या एखाद्या बाईच्या डोक्यावरच्या पाटीवर. सिग्नल हिरवा व्हायचा, मागच्या रिक्षा बोंबलायच्या, आणि हे स्कूटरवर बसल्या जागी समोरच्या टेम्पोत उभ्या असलेल्या मजुरांच्या खांद्यांकडे बघत राहायचे. एकदा रावेरला त्यांच्याच कंपनीचा शेतकरी मेळावा होता. सकाळचं धुकं होतं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानांवरून पाणी ठिबकत होतं आणि रस्ता कुठं संपतो ते दिसत नव्हतं. मीही गाडीत होतो, अर्थातच मर्जीविरुद्ध. आमच्या पुढं एक ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीत केळीच्या पानांचा ढीग आणि त्या ढिगावर एक माणूस आमच्याकडे पाठ करून कुशीवर झोपलेला. अंगात मळकी बंडी, एक तळपाय दुसऱ्यावर. साडूभाऊंनी गाडी हळू केली ती केलीच. ट्रॅक्टर फाट्यावरून आत वळला, हेही वळले. म्हटलं, "अहो, रावेर सरळ!" तर म्हणाले, "थांबा भाऊ, किती निवांत झोपलाय बघा, पाठ कशी हलतेय." आम्ही त्या पाठीच्या मागं मागं कुठल्या तरी खेड्यापर्यंत गेलो. मेळाव्याला पोचलो तेव्हा स्वागत उरकलेलं होतं, आणि प्रमुख पाहुण्यांनी दारात येऊन आयोजकाचं स्वागत केलं. चिडावं की हसावं, मला कळेना. पण आजही ती धुक्यातली केळी आणि ती झोपलेली पाठ माझ्या डोळ्यांपुढं येते, हे कबूल केलं पाहिजे.

मग एकदा दिवाळीत मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत चुकून शिरलो. चटयांचे नमुने असतील म्हणून दार लोटलं, तर भिंतीला टेकवून चित्रंच चित्रं. जलरंगातली, पातळ रंगाची, कडा पाण्यात विरत गेल्यासारख्या. आणि एकाही चित्रात तोंड नाही! सगळी माणसं पाठमोरी. टोप्या, अंबाडे, वेण्या, मानेवर घामानं चिकटलेले केस, खांद्यावर झोपलेलं पोर, विरलेल्या कॉलरी, पदराखालून दिसणारी कानाची पाळी. सभागृहातल्या रांगा, मांडवातल्या रांगा, शोकसभेतल्या वाकलेल्या माना, जयंतीच्या दिवशी शुभ्र लुगड्यातल्या बायांच्या ओळी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस जन्मभर प्रत्येक कार्यक्रमात माणसांना आणून बसवायचा आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहायचा. त्याला अख्खा खान्देश दिसला तो पाठीमागून. घरी येऊन तो आठवेल तसं रंगवायचा. मी काही चित्रांतला जाणकार नाही. पण त्या खोलीत उभं राहिल्यावर आपणही कुठल्या तरी सभेत मागं उभे आहोत, पुढं काहीतरी छान चाललंय, आणि ते ऐकू येत नसलं तरी हरकत नाही, असं वाटायला लागलं. साडूभाऊ दारात येऊन उभे होते. चोरी पकडल्यासारखे म्हणाले, "सहज आपलं."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. कंपनीनं त्यांच्या जागी माणूस नेमला नाही, ते काम पुण्याच्या कुठल्या तरी पोरांच्या कंपनीला दिलं. साडूभाऊंचा फोन हळूहळू वाजेनासा झाला. माझा फोन वाजत नाही, तेव्हा मला बरं वाटतं. त्यांचं तसं नव्हतं. ते फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे, आणि वाजला की तो गॅसवाल्याचा असायचा. मग फाल्गुनात कधीतरी आम्ही संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर बसलो होतो. ते म्हणाले, "भाऊ, मी चित्रांचं प्रदर्शन करतोय. एक शनिवार-रविवार." मी म्हटलं, "उत्तम! आता सबंध जिल्हा हलवाल." त्यावर त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "नाही. कुणाच्या घरी जाणार नाही, कुणाला फोन करणार नाही. पेपरात बातमी देईन, तेवढंच. आजवर लोकांना नेहमी कशासाठी तरी बोलावलं. माझ्यासाठी म्हणून कोण येतं, ते एकदा बघायचंय." हे बोलताना त्यांचा आवाज इतका हळू झाला होता, की मला फार वाईट वाटलं, आणि ते दाखवता येईना म्हणून मी मच्छरांना शिव्या दिल्या.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं धुळ्याहून गेलो. एका शाळेचं छोटंसं कलादालन होतं. चित्रं सुरेख लावलेली, खाली चटया, कोपऱ्यात थंड पाण्याचा जार, पेल्यांची उतरंड. साडूभाऊ इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे. दहा वाजले, अकरा वाजले. जळगावचं ऊन बाहेर पांढरं झालं. एक माणूस आला, त्यानं भिंतींवर नजर टाकली आणि विचारलं, "पासपोर्ट फोटो इथंच काढतात ना?" त्याला पाणी पाजून पाठवला. दुपारी शाळेचा शिपाई आला, पंख्याखाली बसला आणि झोपला. संध्याकाळपर्यंत आम्ही चौघं आणि तो शिपाई. साडूभाऊ मध्येच बाहेर जाऊन रस्त्यावर बघून येत. परत आल्यावर आमच्याकडे बघून हसत. ते हसू मला बघवत नव्हतं. शेवटी चित्रांसमोर उभं राहून म्हणाले, "ठीक आहे. कळलं ते एक बरं झालं."

माझं डोकं फिरलं. ज्या लोकांच्या बारशापासून तेराव्यापर्यंत हा माणूस उभा राहिला, त्यांतल्या एकालाही यावंसं वाटू नये? मी रागानं तिथला पेपर उचलला, बातमी आलीये तरी का बघावं म्हणून. आली होती, चांगली ऐसपैस. वेळ, पत्ता, गाड्या लावायची सोय, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, चटया दिल्याबद्दल शेठजींचे आभार, शाळेच्या मुख्याध्यापकांचं सहकार्य, सगळं होतं. आणि चित्रं कुणाची? तर 'एका स्थानिक चित्रकाराची'. मी पुन्हा वाचली. दुसरा पेपर बघितला, तिसरा बघितला, सगळीकडे जसंच्या तसं. "साडूभाऊ," मी ओरडलोच, "अहो, ह्यात तुमचं नाव कुठंय?" त्यांनी चष्मा लावला, बातमी वाचली, उलटी करून मागचं पान बघितलं, जणू नाव तिकडे सांडलं असेल. मग ओशाळून म्हणाले, "सवयच नाही हो. हातून लिहिलंच गेलं नाही." मेहुणीनं कपाळावर हात मारला. "मी म्हटलं होतं, मला वाचून दाखवा. तर म्हणे, छापून आल्यावर वाच!" आमची ही तोंडात पदर कोंबून हसत होती. आणि साडूभाऊंना हसू येईना. ते म्हणाले, "जाऊ द्या. राहू द्या आता. माझंच चुकलं." गाडीची किल्ली घेऊन ते निघूनच गेले.

पुढं जे मी केलं, ते मला ओळखणाऱ्या कुणालाही खरं वाटणार नाही. मी मेहुणीचा फोन घेतला, तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो, आणि दिवेलागणीपासून लोकांना फोन करत सुटलो. मी! ज्यानं सख्ख्या भावालाही मुद्दाम फोन केल्याचं आठवत नाही! बायको साडूभाऊंच्या जुन्या वहीतून नाव सांगायची, मी लावायचो. "ते प्रदर्शन त्यांचं आहे, होय, चटईवाल्या साहेबांचं, मी त्यांचा साडू बोलतोय." पलीकडून एकदम भडका. "अहो, मग सांगायचं नाही का? आम्ही वाचलं, वाटलं असेल कुणीतरी." पिंप्राळ्याचा तो भरितातला थोरला भाऊ तर मलाच झापायला लागला, जशी बातमी मी लिहिली होती. मध्येच एक नंबर एरंडोलच्या नानांचा होता. हे नाना म्हणजे शेतकरी माणूस, पण जळगावात कुठलंही व्याख्यान, कुठलंही कविसंमेलन असो, एस. टी. पकडून येणारच, हे मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "नानांना द्या हो जरा, उद्या यायचंय त्यांना." पलीकडे बाईचा आवाज होता. ती म्हणाली, "त्या तर मांगला सालले गयात, भाऊ. पण मी येसू ना." नाना गेल्या वर्षीच वारले होते, आणि मी त्यांना फोनवर बोलावत होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय बोललो ते आठवत नाही. त्यानंतर मात्र फोन मेहुणीनं केले.

रविवारी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. साडूभाऊ दारात भांबावून उभे. "कुणी बोलावलं तुम्हाला?" ते प्रत्येकाला विचारत होते, आणि प्रत्येक जण त्यांनाच फैलावर घेत होता. बुद्धविहाराच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बोलवायला कशाला पाहिजे? आम्ही भांडायला आलोय." आणि मग सुरू झाली ती खरी मौज. लोक चित्रांत स्वतःला शोधायला लागले, आणि कुणालाच स्वतःची पाठ ओळखू येईना! एक प्राध्यापक एका टकलाकडे बोट दाखवून हसत होते, तर त्यांची बायको म्हणाली, "हसू नका, तुमचंच आहे. लग्नापासून मागनं चालतेय मी." वेण्यांवरून मुली भांडल्या. मला मात्र कुणी दाखवावं लागलं नाही. एका कविसंमेलनाच्या चित्रात सगळे व्यासपीठाकडे तोंड करून बसले होते आणि एकच पाठ दाराकडे कललेली होती. मी तिच्यासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो. आणि साडूभाऊ? जुन्या सवयीनं ते पार मागच्या भिंतीशी जाऊन उभे होते. डोळे भरून आले होते त्यांचे, पुसायचंही भान नव्हतं.

फोनवरच्या त्या बाई, म्हणजे नानांच्या बायको अक्का, दुपारी आल्या, पुतण्याच्या मोटरसायकलवर, एरंडोलहून ऊन खात. साडूभाऊंनी त्यांना लगेच ओळखलं, नानांच्या दिवसकार्याला हे गेले होतेच. ते अक्कांना एका चित्राकडे घेऊन गेले. मधल्या रांगेतला एक माणूस. टोपी जराशी डावीकडे, सदऱ्याच्या खांद्याला घरची शिवण, उजव्या कानावर अर्धी विडी. अक्का पुढं झाल्या, मागं झाल्या. "ह्या त्याच शेतस," म्हणाल्या. "अर्धी इडी कानवर ठेयेत. मी बोलू, तरी ठेयेत." आजूबाजूचे लोक आपोआप बाजूला सरले. अक्का बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग साडूभाऊंकडे वळून, एखाद्या दुकानदाराला विचारावं इतक्या साधेपणानं त्यांनी विचारलं, "भाऊ, त्यासनं तोंड जरासं इकडे फिरावता ई का? घरमा आधार कारडना फोटो शे, पण त्यामा त्या त्याच वाटतस नही."

साडूभाऊंकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर असायचं. त्या वेळी एवढंच म्हणाले, "बघतो अक्का." संध्याकाळी सगळे गेल्यावर ते चटईवर बसले आणि मला म्हणाले, "भाऊ, किती वर्षं नाना येत होते! मी दारात हात धरून त्यांना आत घ्यायचो, खुर्ची दाखवायचो, आणि मागं निघून जायचो. त्यांचा चेहरा मला आठवत नाही हो. खरं सांगतो, कुणाचाच नीट आठवत नाही." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मला एकटा दिसला. मी त्यांच्या शेजारी बसलो.

तेव्हापासून ते दर रविवारी एरंडोलला जातात. परवा मीही गेलो, आणि खरं म्हणजे मीच म्हटलं, की मी येतो. अक्कांच्या ओट्यावर निंबाची सावली होती, कुठं तरी पिठाची गिरणी चालू होती, तिचा आवाज झोपेतून आल्यासारखा येत होता. साडूभाऊ अक्कांच्या अगदी समोर मांडी घालून बसले होते. अक्का शेंगा फोडत फोडत सांगत होत्या, आणि हे त्यांच्या तोंडाकडे बघून काढत होते. नाक एवढं सरळ नको, जरा बसकं. मिशी अशी नको, हसताना एका बाजूनं वर जायची तशी. हे खोडत होते, पुन्हा काढत होते. मध्येच अक्का चिडल्या, मध्येच आपल्याच आठवणीनं हसल्या, आणि एकदा शेंगा तशाच धरून पुष्कळ वेळ रस्त्याकडे बघत बसल्या. साडूभाऊ पेन्सिल खाली ठेवून थांबले. त्यांना कसलीच घाई नव्हती. कागदावर अजून डोळ्यांच्या जागी काही नव्हतं. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा अक्कांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. कान तर पाठीमागूनही दिसत होते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी गप्प बसलो.

"कान बराबर जमनात," अक्का म्हणाल्या. "डोया पुढला आयतवारले देखू."